रस्ता कोणाचा?

श्रोतेहो, आपल्या गावात कोणी पाहुण्याने विचारले की, "इथून वाण्याच्या दुकानापर्यंत पायी जाता येतं का हो?" तर आपण त्याच्या तोंडाकडे बघतच राहू. पायी जाता येत नाही असे दुकान असते तरी कुठे? शेताला पायवाट असते, विहिरीला असते, देवळाला असते. पाय आहेत तिथे वाट आहे, हे आपण गृहीतच धरतो.

पण जगात एक देश असा आहे, तिथल्या लाखो घरांपुढे हा प्रश्न अगदी खरा आहे. तो देश म्हणजे अमेरिका. आपल्याकडचे पुष्कळ आईबाप आता मुलाकडे किंवा लेकीकडे तिकडे जाऊन येतात. परत आल्यावर ते घराचे कौतुक करतात, बागेचे करतात आणि मग हळूच सांगतात, "सगळं छान आहे हो, पण गाडी चालवता आली नाही तर माणूस घरात कोंडल्यासारखा होतो." दुकान डोळ्यांना दिसते, पण तिथवर जायला पायांखाली जागा नसते. डांबरी रस्ता थेट गवताच्या कडेला भिडलेला. फूटपाथ असलाच तर चार घरांपुढे असतो आणि पाचव्या घरापाशी एकाएकी संपतो.

असे कसे झाले? काही मंडळी म्हणतील, श्रीमंत देश आहे, लोकांना मोटारी आवडल्या, चालणे त्यांनी सोडून दिले. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे, की पायी चालणाऱ्याचा रस्त्यावरचा हक्क लढून, कायदे करून आणि त्याची चेष्टा करून काढून घेण्यात आला. त्या चेष्टेत जी शिवी वापरली गेली ती खेड्यातल्या माणसाला दिलेली होती. म्हणून ही कहाणी आपणही समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम जुना काळ पाहू. फूटपाथ ही काही मोटारींच्या युगातली कल्पना नव्हे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई नावाचे शहर आहे. इसवी सन ७९ मधली ही घटना. तिथले रस्ते उकरून काढले तेव्हा दोन्ही बाजूंना उंच पदपथ आढळले. मध्ये रस्त्यात मोठमोठे सपाट दगड ठेवलेले होते. माणसाने त्यांवर पाय देत, चिखलपाण्यात न उतरता पलीकडे जावे आणि दगडांच्या मधल्या फटींतून गाड्यांची चाके जावीत, अशी ती सोय होती. म्हणजे दोघांचाही विचार केलेला होता.

१९०० सालाच्या सुमारास अमेरिकन शहरांतही फूटपाथ होते. पण लोक केवळ फूटपाथवरून चालत नसत. सबंध रस्ताच त्यांचा होता. मध्ये ट्राम चाले, घोडागाड्या चालत, भाजीवाला हातगाडी उभी करी, मुले चेंडू खेळत आणि माणसे वाटेल तिथून रस्ता ओलांडीत. सगळ्यांचा वेग इतका बेताचा होता, की एकमेकांना सांभाळून घेता येई. आपल्या आठवडे बाजारात हेच दृश्य दिसते की नाही? बैल, सायकल, डोक्यावर पाटी घेतलेली बाई आणि पोरेसोरे, सगळी एकाच वाटेने जातात.

या रस्त्यावर मोटार आली. १३ सप्टेंबर १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्राममधून उतरत असताना विजेवर चालणाऱ्या एका टॅक्सीने त्यांना धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. मोटारीखाली मेलेला अमेरिकेतला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद केली जाते. १९९९ साली, बरोबर शंभर वर्षांनी, त्या जागी एक पाटी लावण्यात आली.

तेव्हा मोटार म्हणजे श्रीमंतांचे खेळणे होते. १९०८ साली हेन्री फोर्ड यांनी 'मॉडेल टी' ही गाडी काढली आणि १९१३ पासून ती सरकत्या पट्ट्यावर जोडून बनवू लागले. साडेआठशे डॉलरची गाडी पुढे १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरच्या आत आली. रस्ते मोटारींनी भरले आणि त्याबरोबर माणसे मरू लागली. १९२० ते १९३० या दहा वर्षांत अमेरिकेत दोन लाखांहून अधिक माणसे मोटार अपघातांत गेली. शहरांत मरणाऱ्यांत पायी चालणारेच अधिक आणि त्यांत मुले फार.

त्या वेळी लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही, हे लक्षात ठेवा. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा हजार मुलांची मिरवणूक निघाली. अपघातांत गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ तिच्यात मुलांची एक वेगळी तुकडी चालत होती. बाल्टिमोर शहरात त्याच वर्षी, आदल्या वर्षी अपघातांत गेलेल्या मुलांसाठी एक उंच स्मारक उभारले गेले. लढाईत पडलेल्या जवानांसाठी जसे उभारतात, तसे. वर्तमानपत्रांची व्यंगचित्रे मोटारवाल्याला यमदूताच्या रूपात दाखवीत. लोकमत स्पष्ट होते : रस्ता जुना आहे, सर्वांचा आहे. यंत्र नवे आहे. तेव्हा सांभाळायचे ते यंत्रवाल्याने.

या लोकमताची खरी परीक्षा १९२३ साली ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाली. तिथल्या नागरिकांनी एक साधी मागणी केली. शहरातल्या प्रत्येक मोटारीला असे एक उपकरण बसवा, की तिचा वेग ताशी २५ मैलांच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने ४० किलोमीटरच्या वर जाऊच नये. या मागणीवर ४२ हजार लोकांनी सह्या केल्या. मग प्रश्न मतदानाला गेला. मोटार विकणारे व्यापारी हादरले. मोटार हळू चालू लागली तर तिला घेईल कोण? त्यांनी पैसा उभा केला, जाहिराती दिल्या, घरोघर प्रचार केला. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले आणि मागणी मोठ्या फरकाने पडली.

पण सह्या करणाऱ्यांची संख्या मोटारधंद्यातली माणसे विसरली नाहीत. त्यांनी ओळखले, की रस्ता सर्वांचा आहे हा समज जोवर लोकांच्या मनात आहे, तोवर दोष मोटारीवरच येत राहणार. तेव्हा समजच बदलायला हवा. मरणारा का मेला, तर गाडी वेगात होती म्हणून नव्हे, तो नको तिथे चालत होता म्हणून. असे लोकांना वाटू लागले की काम झाले.

या कामी एक शब्द फार उपयोगी पडला. तो शब्द 'जे-वॉकर'. 'वॉकर' म्हणजे चालणारा हे आपल्याला ठाऊक आहे. आणि 'जे' म्हणजे काय? त्या काळच्या अमेरिकन बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ, खेडवळ. शहरात आलेला, तोंड वासून इमारती बघत चालणारा, कुठे पाय टाकावा याची अक्कल नसलेला खेडूत! पहिल्यांदा ही निव्वळ टिंगल होती. पुढे ती मोहीम झाली. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात बालवीर पथकातली मुले रस्ता आडवा ओलांडणाऱ्यांच्या हातात समजुतीची पत्रके देत. १९१३ च्या नाताळात सिरॅक्यूज शहरात सांताक्लॉजचा वेष केलेला एक माणूस भोंगा घेऊन उभा राहिला आणि अशा लोकांना 'जे-वॉकर' म्हणून हाका मारू लागला. भर चौकात सांताक्लॉजने आपल्याला गावंढळ म्हणावे, याची कोणाला लाज वाटणार नाही?

मंडळी, यातली खोच नीट पाहा. आडवा जाणारा माणूस बहुधा शहरातलाच असे. कालपर्यंत जसा तो ओलांडत होता तसाच आजही ओलांडत होता. बदलले होते ते रस्त्यावरचे वाहन. पण दोष देताना त्याला खेडूत ठरवले. एखाद्याचा हक्क काढून घ्यायचा असेल तर आधी त्याला अडाणी म्हणावे, ही युक्ती जगात सगळीकडे चालते. आपल्या शेतकऱ्याला आणि मजुराला तिचा अनुभव काही कमी नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता जे सांगतो ते मुख्यतः तुमच्यासाठी. ही मोहीम शाळेत शिरली. मोटारवाल्यांच्या संघटनांनी शाळांना सुरक्षिततेचे पाठ आणि चित्रफलक पुरवायला सुरुवात केली. रस्ता म्हणजे मोटारींची जागा, मुलांनी तिथे जाऊ नये, गेले तर चूक त्यांची, हा त्या पाठांचा सारांश. १९२५ साली डेट्रॉइटमधल्या एका शाळेत बारा वर्षांच्या एका मुलावर, रस्ता नीट ओलांडला नाही म्हणून, मुलांचेच न्यायालय भरवून खटला चालवण्यात आला. शिक्षा काय, तर आठवडाभर फळे पुसायचे! मुलांना जपून चालायला शिकवावेच, त्यात वावगे काही नाही. पण मुलांना चालायचा धडा देताना मोटारवाल्याला हळू चालवण्याचा धडा कोणी द्यायचा, हा प्रश्न त्या वर्गातून हळूहळू पुसला गेला.

मग कायदा आला. १९२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस शहराने नवे वाहतूक नियम केले. पादचाऱ्याने ठरावीक जागीच ओलांडायचे, इशारा झाल्यावरच निघायचे. कोणी चुकला तर पोलीस शिट्टी वाजवीत, सगळे वळून बघत आणि तो माणूस खजील होऊन मागे फिरे. १९२८ साली केंद्र सरकारच्या व्यापार खात्याच्या पुढाकाराने नगरपालिकांसाठी एक नमुना नियमावली तयार झाली. ती बरीचशी लॉस एंजेलिसच्याच धर्तीवर होती. शहरांमागून शहरांनी ती उचलली. अवघ्या पंधरा-वीस वर्षांत पायी चालणारा रस्त्याचा मालक होता तो उपरा झाला.

इथवर झाली जुन्या शहरांची गोष्ट. तिथे निदान फूटपाथ तरी शिल्लक होते. नव्या उपनगरांत तेही राहिले नाहीत. त्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. ती एकेक करून सोडवू.

पहिले कारण, घरे आणि दुकाने यांची फारकत. ओहायोतल्याच युक्लिड नावाच्या गावाने नियम केला, की राहण्याच्या भागात कारखाने, दुकाने नकोत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२६ साली न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. धुराड्यापासून घर दूर असावे हे ठीकच. पण पुढे हा नियम असा ताणला गेला, की घरांच्या शेजारी किराणा दुकानही नको, न्हाव्याचे दुकानही नको. माणसाला जिथे जायचे ते सगळे मैल-दोन मैल दूर गेले.

दुसरे कारण, रस्त्यांची आखणी. जुन्या शहरात रस्ते आडवे-उभे, चौकटीच्या वहीसारखे. कुठूनही कुठेही चार वाटांनी जाता येई. १९३४ साली घरबांधणीच्या कर्जाला सरकारी हमी देणारे एक खाते निघाले. त्याने बांधकामवाल्यांना वेगळी आखणी सुचवली : वळणदार गल्ल्या, शेवटी बंद, झाडाच्या फांद्यांसारख्या. कर्ज हवे तर खात्याची शिफारस कोण टाळणार? गल्लीत वर्दळ कमी झाली, हा फायदा झाला. पण समजा, दोन घरांच्या पाठी एकमेकींना टेकल्या आहेत. मधले कुंपण ओलांडले तर शंभर पावले. रस्त्याने जायचे तर गल्लीच्या तोंडापर्यंत या, मोठ्या रस्त्याला लागा, दुसऱ्या गल्लीत शिरा. झाला एक किलोमीटर! मग माणूस चालेल कशाला?

तिसरे कारण पैसा. फूटपाथ बांधायचा तर खर्च आहे. बांधला तर तो दुरुस्त कोण ठेवणार? अमेरिकेत पुष्कळ शहरांत घरापुढचा फूटपाथ सरकारी जागेत असूनही तो दुरुस्त करण्याची आणि त्यावरचे बर्फ काढण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली असते. मोटारीच्या रस्त्याचे असे नाही, तो सगळ्यांच्या पैशातून दुरुस्त होतो. तेव्हा घरमालक म्हणे, फूटपाथ नसलेलाच बरा. नगरपालिका म्हणे, लोकांनाच नको आहे. आणि बांधकामवाला खुशीत पैसे वाचवी.

चौथे कारण महामार्ग. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांचे, म्हणजे सुमारे ६६ हजार किलोमीटरचे द्रुतमार्ग आखले गेले आणि त्यांचा नव्वद टक्के खर्च केंद्राने उचलला. माणसे आणखी दूर राहायला गेली. गावांतले साधे रस्तेही चार पदरी, सहा पदरी झाले.

दुसरा मार्ग नव्हता असे मात्र नाही. १९२९ साली न्यू जर्सी राज्यात रॅडबर्न नावाची वसाहत सुरू झाली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोघांनी ती आखली. घरांच्या एका बाजूला मोटारीचा रस्ता, दुसऱ्या बाजूला बाग आणि पायवाट. मोठा रस्ता आडवा आला तर पायवाट त्याच्या खालून बोगद्यातून जाते. पण त्याच वर्षी जागतिक मंदी कोसळली आणि वसाहत ठरल्याच्या मानाने थोडीच उभी राहिली. जेवढी झाली तेवढी आजही आहे.

या सगळ्याचा परिणाम मोजायचा तर शाळेच्या दारात उभे राहावे. १९६९ साली अमेरिकेतल्या पाच ते चौदा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४८ टक्के मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. बाकीची मुले मोटारीत किंवा बसमध्ये. ज्याच्याकडे मोटार नाही, ज्याची नजर अधू झाली, जो म्हातारा झाला, त्याचे हाल विचारू नका. बस येते, पण थांबा असतो गवतात. आणि ओलांडण्याची जागा कुठल्या कुठे दूर.

वेगाचेही एक गणित आहे. वर्गात ते फळ्यावर जरूर मांडा. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मोटारीचा वेग ताशी ३७ किलोमीटर असताना धडक बसली, तर सरासरी दहा पादचाऱ्यांपैकी एक मरतो. वेग ६८ किलोमीटर झाला की दोघांपैकी एक मरतो. सिनसिनाटीच्या त्या ४२ हजार लोकांनी मागितलेली मर्यादा ४० किलोमीटरची होती, हे आठवा. ती माणसे अडाणी नव्हती.

पुढे त्या देशातही लोक जागे झाले. १९६१ साली न्यूयॉर्कच्या जेन जेकब्स या बाईंनी अमेरिकन शहरांच्या जीवन-मरणावर एक पुस्तक लिहिले आणि त्यातली पहिली प्रकरणे फूटपाथवरच खर्ची घातली. त्या नगररचनेच्या पदवीधर नव्हत्या. त्यांनी आपल्या गल्लीतले दुकानदार, मुले, खिडकीत बसलेल्या आज्या पाहिल्या आणि सांगितले, की रस्त्यावर माणसांची ये-जा असते तिथे माणसांची नजरही असते आणि ती नजरच रस्त्याला सुरक्षित ठेवते. आपल्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते! १९७१ साली ओरेगॉन राज्याने कायदा केला, की रस्ता बांधताना पायवाट आणि सायकलवाटही केली पाहिजे आणि महामार्गाच्या पैशातला निदान एक टक्का तिच्यावर खर्च झाला पाहिजे. १९९० च्या कायद्याने अपंगांना हक्क मिळाले, त्यामुळे फूटपाथच्या कडेला चाकाच्या खुर्चीसाठी उतार आले. त्या उतारांचा लाभ बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईलाही झाला.

आणि तो 'जे-वॉकिंग'चा गुन्हा? व्हर्जिनियात २०२१ पासून केवळ त्या कारणाने पोलिसांना कोणाला अडवता येत नाही. कॅलिफोर्नियात २०२३ पासून, धोका नसताना रस्ता ओलांडला म्हणून दंड होत नाही. न्यूयॉर्क शहराने १९५८ पासूनचा नियम २०२४ साली रद्द केला. तिथे २०२३ साली ज्यांना या गुन्ह्याची नोटीस मिळाली, त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे होते. शिवी खेडुताच्या नावाने सुरू झाली आणि दंड गरिबाच्या खिशातून वसूल झाला. बळी तो कान पिळी, ते हेच.

पण कायदा बदलला तरी बांधून ठेवलेला रस्ता बदलत नाही. २००९ साली अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले होते. २०२२ साली ७,५०० हून अधिक. युरोपात हॉलंडने वेगळी वाट धरली. तिथे १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. आईबाप रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' अशीच त्यांची घोषणा होती. १९७६ पासून निवासी गल्ल्यांना कायद्याने असा दर्जा मिळाला, की तिथे माणूस रस्त्याच्या मधूनही चालेल आणि मोटारीने माणसाच्या चालीने जायचे. आज तिथले बळी तेव्हाच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी आहेत.

आता आपल्याकडे वळू. २०२२ साली भारतात रस्त्यांवर मेलेल्या पादचाऱ्यांची संख्या ३२ हजारांहून अधिक होती. गावातून महामार्ग जातो, तो चौपदरी होतो; गाव एकीकडे, शाळा दुसरीकडे. दुभाजकावरून दप्तर सांभाळत उड्या मारणारी मुले आपण रोज पाहतो आणि म्हणतो, "पोरं ऐकत नाहीत." पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोकळा, वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हक्क कागदावर आला. तो पायांखाली यायचा आहे.

त्यासाठी एक छोटे काम सुचवतो. गुरुजींनी आणि बाईंनी मुलांकडून घर ते शाळा या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. कुठे रस्ता ओलांडावा लागतो, कुठे कडेला पाय ठेवायला जागा नाही, कुठे गाड्या वेगात येतात, हे मुलांनीच त्यावर लिहावे. तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा. रस्ता रुंद व्हायचा असेल, तर काम सुरू होण्याआधी ठेवा. कारण डांबर पडल्यावर वाट मागणे किती अवघड जाते, हे आपण आता पाहिलेच. आणि रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला कोणी गाडीतून डोके काढून "ए गावंढळ!" म्हणाला, तर त्याला ही सिनसिनाटीची गोष्ट जरूर सांगा.